खास पान्याचं झाकण

निवृत्त प्राध्यापक केळुसकरांनी बंद पडलेलं वॉशिंग मशीन स्वतःच उघडलं आणि आतल्या वायरी पाहूनच ते गांगरले. कंपनीचे इंजिनियर गायधनी येताच कडाडले, "मशीनला हात लावलात? गॅरंटी रद्द! मोटर जळलीय, नवी तुमच्या पदरची."

"माझ्यामुळे जळली का हो?" केळुसकरांनी विचारलं. "मी मोटरला हात लावला का, तेच आठवत नाही."

"तुम्ही?" गायधनी खदखदून हसले. "आमच्या खास पान्याशिवाय मोटरचं झाकण ब्रह्मदेवालाही उघडता येणार नाही! तुम्ही नुसता मागचा पत्रा काढलात."

केळुसकर आणखीच गोंधळले. "मग साहेब, एवढं लिहून द्या. मोटरपर्यंत फक्त तुमच्याच कंपनीचा हात पोचतो, तर ती बिघडवली कुणी, हेच मला कळेना."

गायधनींनी फोन काढून गॅरंटीतली नवी मोटर मागवली.