वहीतली झोप

"पण बाबा, माझ्या गाडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

निवृत्ती ढेरंगेनं तिसऱ्यांदा विचारलं. फकीर हसनबाबा त्याचा टेम्पो निरखत होते.

आता घाटमाथ्यावरची रीत अशी, की उतार लागायच्या आधी पिराच्या दर्ग्याशी गाडी थांबवायची, फकिरानं बॉनेटवर दोन थापा मारायच्या, मगच चाक खाली सोडायचं. हसनबाबांनी कुणाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आज मात्र त्यांनी निवृत्तीच्या टेम्पोभोवती एक फेरी मारली, त्याच्या लालभडक डोळ्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

टेम्पोत कोथिंबीर. पाचच्या आत खालच्या बाजारात पोचली नाही तर तिचा नुसता पाला. आणि केबिनमध्ये, पाय दुमडून, निवृत्तीची आई गाढ झोपलेली. लेक चालवतोय म्हटल्यावर म्हातारीला कसली काळजी!

"किती वेळ झाला चाकावर बसून?" अखेर बाबांनी विचारलं.

हा तर निवृत्तीच्या हातचा मळ. त्यानं खिशातून वही काढली.

"नियम तोंडपाठ आहेत, बाबा. पाच तास हाकली की अर्धा तास विसावा. दिवसात आठ तासांच्या वर हाकायची नाही. सगळं नोंदलेलं. चार वर्षांत तपासणीच्या एका साहेबाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही."

"रोज लिहितोस?"

"रोज कोण बसतंय! रविवारी एका बैठकीत पुढचा अख्खा आठवडा उरकतो. सोमवारी निळं पेन, मंगळवारी काळं... मधेच एखादी खाडाखोड. खरं वाटायला पाहिजे ना!"

आणि स्वतःच हसला. एवढा शहाणा!

बाबांनी वही घेतली. बोट फिरवत फिरवत आजच्या तारखेवर आणलं. वाचलं. मान वर करून उन्हाकडे पाहिलं. तीन वाजत आले होते.

मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि हलक्या हातानं निवृत्तीच्या अंगावर घातली.

"हे काय, बाबा?"

तेवढ्यात मागं एक ट्रक येऊन थांबला. त्याचा ड्रायव्हर ओरडतच उतरला, "बाबा, थाप मारा, घाईत आहे!"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... माणूस झोपलाय."

"कोण? हा? हा तर चांगला उभा आहे!"

"दुपारी दोन ते सहा, झोप," बाबा कुजबुजले. "वहीत लिहिलंय."

त्यांनी ट्रकला आवाज न करता दोन थापा दिल्या. ड्रायव्हर निवृत्तीकडे वळून वळून बघत गेला.

निवृत्तीच्या कानशिलांना आग लागली. "थट्टा पुरे झाली, बाबा! मी जागा आहे!"

"मग वही?"

"वही... साहेबासाठी."

बाबांनी केबिनकडे पाहिलं. निवृत्तीनंही पाहिलं. म्हातारी काचेला गाल टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं.

पहाटे दोनला निघालेला माणूस तो, अजून पाठ टेकली नव्हती. मघाच्या वळणाशी त्याचे डोळे मिटले होते. किती वेळ, कोण जाणे. उघडले तेव्हा कठडा हातभर लांब होता. आईला पत्ताही नव्हता. इतका वेळ त्यानं तो विचार मनात येऊ दिला नव्हता, आता आला.

तो टेम्पोच्या चाकाशी खाली बसला.

"कोथिंबीर सुकेल, बाबा..."

"सुकेल."

...

त्यानं बाबांच्या हातातली वही घेऊन उघडली. खिशातलं पेन काढून आजची ओळ खोडली.

"खरं लिहितो, बाबा. तुम्हीच सांगा... काय लिहू?"

बाबांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आधी झोप. जागा झालास, की लिही."