खेमाईनं फोडलेलं सवणं

बालाघाटाच्या डोंगराला टेकून सांगवण नावाचं गाव आहे. तिथं रस्ता नव्हता, दिवा नव्हता आणि सगळी घरं माळवदाची होती, त्या काळातली ही हकीकत. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याच्या मधोमध हातभर भोक ठेवलेलं असायचं, त्याला सवणं म्हणत. उजेड तिथून आत यायचा आणि धूर तिथून बाहेर जायचा.

गावात खेमाई नावाची सुईण होती. अडलेली बाई नुसत्या तिच्या पावलांच्या आवाजानं मोकळी व्हायची, असं म्हणतात. पण तिचं खरं नाव होतं ते लिंपणासाठी. बाळंतिणीला वारा लागला तर ती भ्रमिष्ट होते, तिचं दूध आटतं, ही तेव्हाची पक्की समजूत. म्हणून खोलीच्या सवण्यावर फरशी ठेवून वरून शेणामातीनं बुजवायचं, खिडकीत चिंध्या कोंबायच्या, दाराला वाकळ लावायची आणि बाजेखाली बाभळीच्या कोळशाची शेगडी धगधगत ठेवायची. वर ओवा-शेपांची धुरी. खेमाईनं बुजवलेल्या खोलीत भरदुपारी सुईच्या टोकाएवढाही उजेड शिरत नसे. आठवड्याच्या बाजारात दोन बायका भेटल्या की एक विचारायची, "सुनेची खोली कुणी लिंपली?" "खेमाईनं" असं उत्तर आलं, की मालावर छाप बघितल्यासारखी विचारणारी मान डोलवायची.

मग एक हिवाळा असा आला की रांजणातल्या पाण्यावर साय धरावी तसा बर्फ धरला. लोकांनी शेगड्या वाढवल्या. त्या हिवाळ्यात गावातल्या तीन बाळंतिणी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. ताप नाही, काही नाही. गाल मात्र लालभडक, जणू कुणी गुलाल चोळला. लोक म्हणाले, सटवाईनं नवरी करून नेल्या. तिघींना शेवटची आंघोळ खेमाईनंच घातली. तेव्हा तिनं तो रंग जवळून बघितला. त्यानंतर ती जेवायला बसली की घास हातातच राहायचा, असं म्हणतात.

माघात तिचीच लेक ठकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. खेमाईनं खोलीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. स्वतः माळवदावर चढून सवणं बुजवलं आणि लेकीची खोली म्हणून एक थर जास्तच दिला.

पाचवीच्या पूजेला ठकूची सासू भागीरथी आली. सकाळची वेळ. भागीरथी ओसरीवर सुपारी कातरत बसली होती आणि खेमाई हळिवाची खीर घेऊन आत गेली. आत पणती मरगळलेली. ठकू म्हणाली, "आई, डोकं फुटतंय गं. पाय माझे न्हाईतच असं वाटतंय." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. खेमाईनं पणती तिच्या तोंडाजवळ धरली. गाल लाल झाले होते.

खेमाईनं जळती शेगडी नुसत्या हातांनी उचलली आणि अंगणात आणून टाकली. भागीरथी उठून दारात आडवी उभी राहिली.

"विहीणबाई, काय चाललंय? पोरीला वारा लागंल."

"लागू द्या."

"आज पाचवी हाय. सटवाई नशीब लिव्हायला यायची, अन् तुम्ही घर उघडं टाकताय? माझी सून हाय ती."

"वाऱ्यानं येडी झाली तर येडी लेक मी जन्मभर सांभाळीन," खेमाई म्हणाली. "पण गप झाली तर काय सांभाळू? आत जावा, तिचे गाल बघा. त्या तिघींचे मी बघितलेत."

भागीरथी आत गेली. बाहेर आली ती धावतच. दोन्ही हातांनी दारावरची वाकळ ओढून तिनं अंगणात फेकली, खिडकीतल्या चिंध्या उपसल्या, बाळाला पोटाशी धरून बाहेर आणलं.

तोवर खेमाई पहार घेऊन माळवदावर चढली होती. दुसऱ्या कुणाचं लिंपण असतं तर दोन घावांत निघालं असतं. पण हे खेमाईचं होतं. भाजलेल्या तळव्यांची साल पहारीला चिकटत होती आणि ती आपलंच नाव फोडत होती. शेवटी फरशी दुभंगली.

त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. पण सवणं फुटलं आणि डोंगरावरून वारा उतरला, असं म्हणतात. आतला धूर लुगडं उलगडावं तसा वर आला. त्या धुरातून लाल गालांच्या तीन बायका बाहेर पडल्या आणि खेमाईकडं न बघता डोंगराच्या वाटेनं निघून गेल्या. खेमाईनं त्यांच्यापुढं डोकं टेकलं. ते उचललं तेव्हा खाली बाळ रडत होतं, आणि पाठोपाठ ठकू खोकली.

हात बरे व्हायच्या आधीच खेमाई पहार घेऊन गावातली बुजवलेली सवणी फोडायला निघाली. पहिली गेली ती त्या तीन घरी. एका घरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "माझ्या सुनेच्या वेळी कुठं होतीस?" ती तशीच दाराबाहेर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी म्हाताऱ्यानंच शिडी आणून दिली.

पुढं ती घराघरात दोऱ्याला कापसाचा पुंजका टांगायची. सोनाराच्या तराजूसारखा तो नुसत्या झुळकीनं हलायचा. हलला नाही, की चूल असो, शेगडी असो, घरधन्याला ती बाहेर काढायला लावायची. किराणा दुकानदार बंकटलाल दार लावून शेगडीशी बसायचा. तो म्हणाला, "खेमाय, ऊब सगळी पळून जाते की."

"ऊब गेली तर घोंगडी घे. तू पळालास तर तुझी बायको काय पांघरंल?"

वेशीवर उभी राहून कुठलं घर कोंडलंय ते ती नुसत्या वासावरून सांगायची, असं म्हणतात. ती गेली त्या दिवशी वारा पडलेला होता, तरी गावातला एकूण एक पुंजका हलत होता, असंही म्हणतात.

आता सांगवणला स्लॅबची घरं आहेत, बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. पण बाळंतीण घरी आली की शेगडी अंगणातच पेटते. बाळाची कुंची आणि दुपटी तिथं शेकून आत नेतात. आणि बाळंतिणीनं खोलीत पाऊल टाकण्याआधी तिची सासू आपल्या हातांनी खिडकीची दोन्ही दारं उघडते. ते काम दुसऱ्या कुणी करायचं नाही. मग ती वर बघून म्हणते, "खेमाय, उघडलं गं." आणि आलेली झुळूक बाळाच्या जावळाला लागेपर्यंत अंगणात कुणी बोलत नाही.