कोरड्या दिवसांतल्या हाकेची कहाणी

ऐका जागाई, तुमची कहाणी. नदीकाठी एक गाव होतं, आणि त्या गावचा भोंगा एके दिवशी उशिरा वाजला.

फार नाही, बाई. चूळ भरायला लागावा इतकाच उशीर. वरच्या धरणाचं दार उघडायचं झालं की आधी भोंगा वाजे. बाया कपडे उचलीत, पायऱ्या चढून वर येत, मग पाणी येई. त्या दिवशी भोंगा आणि पाणी बरोबरीनं आले. कुणाची तरी चप्पल वाहून गेली. सगळ्या हसल्या. एक हसली नाही.

तिचं नाव चारुशीला. घरची धाकटी सून, कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, मनाची भित्री. थोरली जाऊ पद्मा म्हणाली, "चारे, मोहरी तडतडली तरी तू दचकतेस. चप्पल गेली तर गेली."

"चप्पल नाही हो वैनी. भोंगा चुकला."

मग चारूनं शोध घेतला. वीज जाऊन आली की भोंग्याच्या प्रोग्रॅमचं घड्याळ मागं पडे. धरणाचा निरोप वेळेवर येई, पण प्रोग्रॅम म्हणे, अजून वेळ झाली नाही. आणि थांबून राही.

हा प्रोग्रॅम घडला होता बिनवेशीच्या नगरात. त्या नगराला भिंत नाही, दरवाजा नाही. जगभरच्या लोकांनी यावं, आपापलं काम जोडावं, ज्याला हवं त्यानं फुकट न्यावं. काही बिघडलं तर तिथल्या फळ्यावर तक्रार लिहावी. पण तक्रारी झाल्या उदंड, कारभारी उरले मोजके. ते थकले, जेरीस आले. मग त्यांनी दोन नियम केले. एक, दुसऱ्याच्या तक्रारीखाली 'मलाही, मलाही' असं लिहून गर्दी करू नये, नुसता अंगठा उठवावा. दोन, जिच्याखाली बरेच दिवस कुणी बोललं नाही ती तक्रार बंद करावी. हे दुसरं काम त्यांनी बॉटला दिलं. बॉट म्हणजे बिनजिवाचा राखणदार. तो वाचीत नाही, पुशीत नाही. शब्द मोजतो. अंगठे मोजीत नाही.

चारूनं तक्रार लिहिली. नदीनदीच्या गावांनी अंगठे उठवले. सगळ्यांनी नियम पाळला, शब्द कुणी लिहिला नाही. मग पावसाळा सरला, नदी निजली. कोरड्या दिवसांत धरण उघडत नाही, भोंगा वाजत नाही, मग चुकणार कुठून? आणि चुकला नाही तर बोलणार कोण? माघात राखणदार आला. म्हणाला, "इथे हालचाल नाही. बंद करीत आहे. सहकार्याबद्दल आभार." दार लावलं नि गेला.

दुसरा पावसाळा आला. वीज गेली, वीज आली, भोंगा उशिरा वाजला. घरची म्हैस डोहात डुंबत होती, ती गेली. चारूनं पुन्हा लिहिलं. पुन्हा अंगठे उठले. पुन्हा नदी निजली. पुन्हा राखणदार आला, आभार मानले, दार लावलं.

वैशाखात पापड लाटता लाटता पद्मानं पुसलं, "चारे, तुझ्या त्या तक्रारीचं काय झालं गं?"

"बंद झाली, वैनी."

"मिटली एकदाची! मी म्हणत होतेच, कुणीतरी बघेल."

"अहो, मिटली नाही, नुसती बंद..." तोवर सासूबाईंनी आतून हाक मारली. चारू उठून गेली. बोलणं अर्धं राहिलं.

तिसरा पावसाळा आला. वीज गेली, वीज आली. पद्मानं गोधड्या उचलल्या, दारातूनच ओरडली, "चारे, मी होते पुढं. तू ये मागनं साबण घेऊन."

"वैनी, आज नको!"

"भोंगा आहे की आता नीट!" पद्मा वळणाआड गेली.

चारूनं भाकरी तव्यावर टाकली तशीच सोडली, पळत निघाली. अर्ध्या पायऱ्यांवर आली तों पाणी आलं. गोधडी दिसली. हात दिसला. मग काहीच दिसलं नाही. मग भोंगा वाजला. चांगला खणखणीत वाजला.

चारूनं बंद तक्रारीखाली लिहिलं, "माझी जाऊ पद्मा वाहून गेली. कुणी आहे का?" बंद दाराकडे कोण बघतो? कुणी बोललं नाही. मग नवी तक्रार लिहिली. एक वाटसरू येऊन म्हणाला, "ही तर जुनीच. तिकडे लिहा." ही बंद झाली, तिकडची बंद होतीच.

मग चारू घाटावर जाऊन बसली. तिथं एक म्हातारी आली. डोळे लाल, जन्मात पापणी मिटली नसेल असे. ती जागाई.

"मुली, मुली, का बसलीस?"

"हाक मारते, आजी. दार लागतं."

"मग माझं व्रत घे. नदी निजली की दर शनिवारी तिन्हीसांजेला इथं पणती लाव. मग त्या नगरात जा. बंद झालेल्या तक्रारी वाच. तुझी नाही, परक्याची. त्याला नावानं हाक मार आणि पूस, अजून होतंय का? अंगठा देऊ नकोस, शब्द दे. दमशील तरी सोडू नकोस, हसतील तरी सोडू नकोस."

"यानं माझी वैनी येईल?"

"नाही," जागाई म्हणाली. "गेलेलं येत नाही. मुकं बोलतं."

चारूनं वसा घेतला. एका कोळ्याला पुसलं, एका नर्सला पुसलं, एका आंधळ्या मास्तरांना पुसलं. लोक म्हणाले, दुःखानं पोरीचं डोकं फिरलं. पण कोळी म्हणाला, "हो बाई, अजून होतंय." नर्स म्हणाली, "अजून होतंय. तुम्ही पहिल्याच पुसणाऱ्या." मास्तर म्हणाले, "अजून होतंय. तुमची तक्रार कुठली?" चारूनं दाखवली. मग कोळ्यानं तिच्याखाली शब्द लिहिला, नर्सनं लिहिला, मास्तरांनी लिहिला. त्यांच्या मागून नदीनदीची गावं आली. नियम मोडून आली. "पद्माबाईंसाठी कुणी आहे का?"

ज्येष्ठ आला. घाटावर पणती लावताना चारूनं वर पाहिलं. धरणाकडं आभाळ काळं झालं होतं. गावात वीज गेली. वीज आली. खाली पायऱ्यांवर कुणाची तरी सून कपडे आपटीत होती. चारूनं तिला ओरडून वर बोलावलं. मग तक्रारीखाली लिहिलं, "कुणी आहे का?"

फोन हातात वाजला. चारू दचकली.

"आहे. बॉट नाही, मी इरावती, इथली कारभारीण. सगळं वाचलं. वीज आल्यावर घड्याळ किती मागं पडतं, सांगाल? मी बसले आहे."

जागाई, चारूच्या हाकेला ओ मिळाली तशी तुम्हां-आम्हां मिळो, आणि पाण्याच्या आधी मिळो. ही साऱ्या हाकांची कहाणी एका ओ-ला सुफळ संपूर्ण.

बायांनो, ओ द्या.