कालची गारगोटी

एका माळरानावर, तळ्याच्या काठच्या दगडगोट्यांत, एक टिटवी राहत असे. एका उन्हाळ्यात ती एक नवस बोलली होती. त्या साली तळं पार आटून गेलं होतं आणि तळाशी भेगाळलेला चिखल तेवढा उरला होता. टिटवीची पिल्लं एकामागून एक गेली. शेवटचं उरलेलं पिल्लू चोच उघडी टाकून तिच्या पंखाखाली धापा टाकत पडलं होतं. तेव्हा तिने पाण्यात राहणाऱ्या देवींची, म्हणजे आसरांची आठवण केली आणि मान लववून म्हणाली, "मायांनो, एवढं एक लेकरू माझ्या पदरात घाला. ते जगलं, तर रोज सकाळी तुमच्या पाण्याच्या कडेला मी एक पांढरी गारगोटी वाहीन. ती वाहिल्याशिवाय तळ्यात पायाचं नखसुद्धा बुडवणार नाही, की घोटभर पाणी पिणार नाही."

पाऊस आला आणि पिल्लू जगलं. टिटवीनेही आपला शब्द पाळला. उजाडलं की ओढ्यातून एक गारगोटी चोचीत धरून आणायची, पाण्याची कड जमिनीला जिथे टेकली असेल नेमकी तिथे ठेवायची, डोळे मिटून नमस्कार करायचा आणि आल्या वाटेने उडून जायचं, असा तिचा नेम होता. मागे वळून ती कधी बघत नसे. देवाला वाहिलं ते देवाचं झालं, ते पुन्हा काय बघायचं, असं तिला वाटे.

आता त्या माळरानावरच्या प्राण्यांच्या राज्याची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. राज्यात तीन तळी होती. मधलं हे टिटवीचं, एक उगवतीला आणि एक मावळतीला. सगळे प्राणी मिळून शेती करत. रानडुकरं मुसंड्या मारून जमीन उकरत, मुंग्या बी पेरत, माकडं राखण करत, आणि पिकलेली ज्वारी डोंगरातल्या गुहेत भरून ठेवत. प्रत्येक तळ्यात एक उभा दगड होता, आणि त्या दगडावर जुन्या जाणत्यांनी एक आडवी खूण कोरलेली होती. पावसाळा सरला की खुणेचा दिवस येई. पाणी खुणेला टेकलेलं दिसलं, तर वर्षाची चिंता मिटली. मग गुहा उघडायची, अर्धी ज्वारी पेरायची, अर्धीची पंगत घालायची, आणि बांधातल्या मोरीचा धोंडा काढून खालच्या शेतांना पाणी सोडायचं. पाणी टेकलेलं नसलं, तर गुहाही बंद आणि मोरीही बंद. काठाकाठाने थोडं पेरायचं आणि पोटाला चिमटा घेऊन उन्हाळा काढायचा. साऱ्या राज्याचं सुखदुःख त्या एका रेघेवर अवलंबून असे.

बरं, एवढ्या मंगल कामाला पारोशा अंगाने कोण येईल? म्हणून सगळ्यांनी आधी तळ्यात उतरून स्नान करायचं, आणि पाण्यात उभं राहूनच कावळ्याच्या तोंडून निकाल ऐकायचा, असा प्रघात पडला होता. मागच्या साली तळी आटली ती आसरा कोपल्या म्हणून, हे सगळ्यांच्या मनाने पक्कं घेतलं होतं. त्यामुळे राज्याची कर्तीसवरती म्हातारी हत्तीण यंदा सगळ्यांना बजावून म्हणाली, "यंदा स्नानाला कोणी चुकायचं नाही. तान्ही पिल्लंवासरंसुद्धा पाण्यात आणा. उगवतीच्या आणि मावळतीच्या तळ्यांवरही हाच निरोप धाडा. आसरांचा राग गेलाच पाहिजे."

खुणेच्या दिवशी टिटवी गारगोटी घेऊन आली, तर तळ्यात तीळ ठेवायलाही जागा नाही! हत्तींचा अख्खा कळप, म्हशी, रेडे, रानडुकरं, सांबरं, सगळी मानेपर्यंत पाण्यात. एक म्हैस तिला बघून ओरडली, "अगं ए टिटवे, ये की आत! का पाण्यात तुझे पाय विरघळतात?"

"गारगोटी वाहायची आहे, मावशी," टिटवी म्हणाली. "त्याआधी मला पाणी चालत नाही."

"हो बाई, तू नेमाधर्माची! आम्ही आपल्या चिखलात लोळणाऱ्या." सगळ्या म्हशी फुरफुरून हसल्या.

टिटवीने कड शोधली. आज पाणी पार गवतात शिरलं होतं. काल तर चिखलात गारगोटी ठेवली होती, असं तिला पुसटसं आठवलं. पण दिवस मंगल, आसरा प्रसन्न झाल्या असतील, असं मनाशी म्हणत तिने गवतातच गारगोटी ठेवली आणि डोळे मिटले.

तेवढ्यात दगडाच्या टोकावर बसलेला कावळा ओरडला, "टेकलं! खुणेला पाणी टेकलं!"

मग काय विचारता! सोंडांचे फवारे उडाले, रेडे डुरकले, माकडांनी झाडं हलवून सोडली. भिजल्या अंगांनी सगळे धडाधड बाहेर पडू लागले. कोणी गुहेकडे पळालं, कोणी बांधाकडे.

नमस्कार करून टिटवीने डोळे उघडले. नेम पुरा झाला होता, आता घोटभर पाणी प्यावं म्हणून तिने चोच खाली केली. चोच नुसत्या गवताला लागली. पाणी गारगोटीला सोडून मागे गेलं होतं.

आसरांना आपली गारगोटी नको झाली? काय चुकलं आपलं? ती पाण्यामागे दोन पावलं चालली, तर पाणी आणखी मागे सरलं. तिच्या शेजारून एक हत्ती निथळत वर गेला, आणि कड आणखी खाली घसरली. पाठोपाठ म्हशी निघाल्या. आणि मग पाण्यातून एक पांढरा ठिपका वर आला. तिचीच गारगोटी! तिच्या खाली आणखी एक, तिच्याही खाली आणखी एक. पावसाळा सरल्यापासून वाहिलेल्या तिच्या गारगोट्या, ओल्या, चकाकत, उतारावरून खाली जाणाऱ्या वाटेसारख्या उघड्या पडत गेल्या. सगळ्यांत शेवटी, पार खाली, चिखलात रुतलेली कालची दिसली. पाणी तिथे जाऊन थांबलं.

कालची इतकी खाली, आणि आजची वर गवतात? रात्रीतून तर पावसाचा थेंबही पडलेला नव्हता. तिने दगडाकडे पाहिलं. ओली खूण उन्हात चकाकत होती, आणि पाणी तिच्या कितीतरी खाली उतरलेलं होतं.

"अगं आई गं," तिच्या तोंडून एवढंच निघालं. तळं भरलेलं नव्हतं. ते रोज थोडं थोडं आटत होतं. रोज तिनेच त्याच्या कडेला खूण ठेवली होती, आणि एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

बांधावर रानडुकराने मोरीच्या धोंड्याला सुळे लावले होते. फटीतून पाण्याची धार बाहेर उडू लागली होती. टिटवी "टिटीव, टिटीव" करत जीव खाऊन तिकडे उडाली.

"झालं! शुभ दिवशी हिने गळा काढला!" म्हैस करवादली. "टिटवी ओरडली की काहीतरी वंगाळ घडतंच. हाकला रे तिला!"

माकडांनी ढेकळं भिरकावली. एक तिच्या पंखाला लागलं. पण अंड्यांवर गुरं चालून आली की टिटवी जशी पंख पसरून आडवी उभी राहते, तशी ती रानडुकराच्या नाकासमोर उभी राहिली. "हत्तीणमाय," ती कळवळून म्हणाली, "मला अपशकुनी म्हणा, हाकलून द्या. पण त्याआधी एकदाच मागे वळून दगडाकडे बघा!"

हत्तीण वळली. तिचे हलणारे कान जागच्या जागी थांबले. मग एकेक करून सगळेच वळले. माकडांच्या हातातली ढेकळं हातातच राहिली.

"मी खोटं नाही बोललो हो!" कावळा कासावीस होऊन म्हणाला. "ह्या डोळ्यांनी पाहिलं. टेकलं होतं, देवाशपथ टेकलं होतं!"

"टेकलं होतं, कावळोबा," हत्तीण हळूच म्हणाली. तिने स्वतःच्या निथळत्या पायांकडे पाहिलं. मग ती कळपाला घेऊन पुन्हा तळ्यात उतरली. कालची गारगोटी पाण्याखाली गेली, परवाचीही गेली. कळप बाहेर आला. दोन्ही गारगोट्या पुन्हा उघड्या पडल्या.

"अगं बाई!" म्हैस मटकन खाली बसली. "खुणेला पाणी नव्हतंच टेकलं. आपली अंगं टेकली होती!"

तेवढ्यात उगवतीकडून बगळा आला आणि मावळतीकडून पोपट. दोघे धापा टाकत एकदमच ओरडले, "आनंदाची बातमी! आमच्याकडेही टेकलं!"

कोणी हसलं नाही, की कोणी नाचलं नाही. हत्तिणीने विचारलं, "स्नान झालं होतं का रे, बाळांनो?"

"म्हणजे काय, माय! सगळे एकदम उतरलो. तान्ही पिल्लंसुद्धा. तुमचाच निरोप होता की."

"आणि मोरी?"

"आमची आता खोलतील," बगळा म्हणाला.

"आमची तर खोलूनच आलो!" पोपट हौसेने म्हणाला. "पाणी काय धो धो पळतंय म्हणता! पंगतही बसली असेल एव्हाना."

हत्तिणीची सोंड खाली लोंबली. एक तळं नव्हे, सारं राज्यच फसलं होतं. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की झाडांवरची पाखरं उडाली, "परत फिरा! उडा! मोऱ्या बुजवायला सांगा! पाणी आहे तोवर उडा!"

बगळा आणि पोपट आल्या पावली उडाले. रानडुकराने धोंडा पुन्हा मोरीत रेटला. हत्तीण स्वतः त्याला पाठ लावून उभी राहिली, तेव्हा ती धार थांबली.

मग टिटवीने अगदी बारीक आवाजात विचारलं, "माय, मागच्या सालीही आपण 'टेकलं' असंच म्हणालो होतो ना?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या सालीही स्नान झालं होतं. मागच्या सालीही पंगत उठली होती आणि मोरी खोलली होती. मग तळं आटलं, तेव्हा सगळ्यांनी आसरांना बोल लावला. आणि आसरांचा राग घालवायला यंदा दुप्पट अंगं पाण्यात उतरवली. आसरा बिचाऱ्या कोपल्या कधीच नव्हत्या.

म्हैस जवळ आली. तिला मान वर करवेना. "टिटवे," ती म्हणाली, "तुझी ती पिल्लं..."

टिटवीने मोरीच्या धोंड्यावर बसलेल्या आपल्या एकुलत्या पिल्लाकडे पाहिलं. ते आता उडायला लागलं होतं. "एक राहिलंय, मावशी," ती म्हणाली. "चला, गुहेचं दार लावून घेऊ. ते ह्या उन्हाळ्यात जगायला हवं."

गुहा बंद झाली. काठाच्या ओलीवर तेवढा हरभरा पेरला. त्या दिवसापासून आधी खूण बघायची, मग स्नान करायचं, असं ठरलं. तिन्ही तळ्यांवर रोज सकाळी कोणी ना कोणी पाण्याच्या कडेला गारगोटी वाहू लागलं, कालची कुठे आहे ते बघू लागलं, आणि पाखरं ती खबर हत्तिणीकडे नेऊ लागली. पाणी खाली चाललंय असं दिसलं की त्याच दिवशी म्हशींचं डुंबणं कमी होई. म्हशी कुरकुरत, पण ऐकत.

उन्हाळा कडक गेला. मावळतीच्या तळ्याचं बरंचसं पाणी त्या दिवशीच वाहून गेलं होतं, म्हणून तिकडचे प्राणी मधल्या तळ्यावर आले. सगळ्यांनी सरकून त्यांना जागा दिली. वैशाख सरत आला तरी दगडाच्या पायथ्याशी पाण्याचा एक स्वच्छ डोह शिल्लक होता. टिटवीने त्याच्या कडेला गारगोटी ठेवली, नमस्कार केला, आणि मागे वळून कालची पाहिली. मग तिने पिल्लाला हाक मारली. ते पोटभर पाणी प्यायलं, आणि त्याच्यामागून ती प्यायली.

तात्पर्य : नेम श्रद्धेने पाळावा आणि वाहिलेलं डोळे उघडे ठेवून बघावंही, कारण ज्याचं माप घ्यायचं त्यात आपणच उतरून बसलो, तर भरलेलं दिसतं ते आपलंच ओझं असतं, म्हणून बाळांनो, तुमच्या गावाजवळ एखादं तळं किंवा ओढा असेल, तर मोठ्यांचा हात धरून तुम्हीही रोज त्याच्या कडेला एक खडा वाहा, आणि तो वाहताना कालचा खडा कुठे आहे, एवढं नक्की बघा.