राजचौकातल्या शेजारदेवाची कहाणी

ऐका शेजारदेवा, तुमची कहाणी. आटपाट नगरी होती. राजवाड्यापुढं दगडी चौक होता. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. आवडती राजाच्या पंगतीला बसे. नावडती चौकातलं जुनं महादेवाचं देऊळ झाडी. देऊळ बुटकं, दाराआत अंगण, अंगणात विहीर. पण नगरातल्या बाया तिथंच लोटत, नावडतीच्या पाया पडत.

आवडतीनं सज्ज्यातून पाहिलं, अंगाचा तिळपापड झाला. "मेलीकडं आहे काय? अन् पाया तिच्याच पडतात!"

मग काय केलं? समोर सातमजली देऊळ बांधवलं. बायांनी मान वर करून पाहिलं, जुन्या देवळात गेल्या. मग दारी चांदीची घंटा टांगली. बायांनी वाजवली, जुन्या देवळात गेल्या. मग उद्या नवा देव बसणार, तर आज आवडतीनं जुन्या देवळाच्या दारात भिंत घातली. नावडती आत पूजेला बसली होती, ती आतच राहिली. आवडती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी वाजंत्री वाजली. भटजी म्हणाले, "राणीसाहेब, शेजारदेवाच्या, त्या जुन्या महादेवाच्या, विहिरीचं पाणी आणा. या चौकातला प्रत्येक देव शेजाऱ्याच्याच पाण्यानं न्हाला आहे." आवडती म्हणाली, "गंगेचं आणते." "चालायचं नाही." "दूध आणते." "चालायचं नाही." राजा रागावला, "दिवस मावळायच्या आत देव बसला नाही, तर तू माहेरची वाट धर!"

काय करावं? पहार घेतली, भिंत फोडू लागली. नखं तुटली, शालू फाटला. भगदाड पडलं, तर पलीकडं नावडती उभी, हाती भरली घागर.

"घे बाई. कालपासून भरून ठेवलीय."

आवडतीला रडू कोसळलं. "मी तुझ्यावर जळले गं!"

"मी काय कमी जळले? राजा तुझ्या ताटाशी जेवतो. काल या पिंडीपुढं बसून तुझं वाईट मागणार होते. शब्द ओठांवर आला, तशी उठले अन् पाणी शेंदलं. हात गुंतले, तोंड गप्प राहिलं."

मग दोघींनी घागर उचलली, नव्या देवाला न्हाऊ घातलं, दिवस मावळायच्या आत देव बसला. आवडतीनं वसा घेतला : दर सोमवारी आधी शेजारच्या देवाला पाणी, मग आपल्या. त्यानं मत्सर सुटला का? नाही हो, पुरता नाही सुटला. पण पाणी चुकलं नाही. राजानं दोघींची पानं आपल्या पंगतीला शेजारी शेजारी मांडली.

जसा शेजारदेव त्यांना पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो.