इसाकमामाची गोल डोळ्यांची गाडी

गोष्टीत मोटार आहे, म्हणजे गोष्ट काही फार जुनी नसणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे बापडं. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्यातलं आता कुणी उरलं नाही, आणि ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकली तेही थकले. तेव्हा आपल्यापुरती ती फार वर्षांपूर्वीचीच.

तर फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावरच्या धुमाळकोंड गावात इसाक शिकलगार नावाचा एक ड्रायव्हर होता. लहानथोर सगळे त्याला मामा म्हणत. त्याच्याकडे एक पिकअप होती. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, आणि तोंडावर दोन गोल दिवे. त्या पिढीच्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. आधीच्या लांब नाकाच्या, नंतरच्या चौकोनी डोळ्यांच्या, या मधल्या. पुढे लोखंडी हँडल घालून फिरवायचं, मग इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. समोरची काच खालून उघडून वर टेकवता यायची. दाराच्या दोन पिना उपसल्या की अख्खं दार हातात. घाट उतरताना मामा कायम पहिल्या गिअरमध्ये असायचा, आणि गाडी सासरी निघालेल्या पोरीसारखी गळा काढून रडायची.

गावात नव्या गाड्या आल्या, तशी लोक त्याची चेष्टा करू लागले. "मामा, हिला आता म्हशीचं पाणी ठेवायला वापर," असं म्हणत. मामा हसायचा, फडक्याने दिवे पुसायचा आणि श्रावण लागला की त्यांच्या काचांवर हळद आणि तेलाचा पातळ लेप द्यायचा. नव्या दिव्यांचा पांढरा उजेड धुक्यावर आपटून परत ड्रायव्हरच्याच डोळ्यांत येतो. हळदीतून गाळलेला पिवळा उजेड मात्र धुक्यात वाट काढतो, असं त्याचं म्हणणं.

आता त्या घाटाचं सांगतो. घाटाच्या मध्यावर एक वळण आहे, हाकेचं वळण. डाव्या हाताला सरळ दरी. श्रावणात तिथे धुकं येत नाही, बसतं. आणि एकदा बसलं की उठत नाही. घाटातल्या ड्रायव्हरांची एक सवय असते. धुक्यात काही दिसेनासं झालं की पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरायचा आणि त्याच्यामागून जायचं. तो वळला की आपण वळायचं. सोपं काम, डोकं चालवायला नको. पण त्या वळणावर, पुढे एकही गाडी गेलेली नसताना, लाल दिवा दिसायचा. संथ चालायचा. मागच्याला बरं वाटायचं, चला, सोबत मिळाली. आणि वळणावर तो दिवा वळायचा नाही, सरळ जायचा. त्याच्यामागे गेलेल्या गाड्या खाली सापडायच्या, दिवे चालू असलेल्या, आणि त्यानंतर म्हणे त्यांच्यातला एखादा दिवा वर रस्त्यावर यायचा, पुढच्या माणसाला न्यायला. असं म्हणतात.

गावची सुईण ठकूबाई. तिचा एकुलता एक मुलगा रंगू असाच गेला. गाडी सापडली, रंगू सापडला नाही. त्या दिवसापासून ठकूबाईने मोटारीला हात लावला नाही. बाजाराला जायचं तर ती पायवाटेने जायची. संध्याकाळी मात्र घाटाच्या तोंडाशी येऊन उभी राहायची आणि खाली बघायची. लोक म्हणत, म्हातारीला अजून वाटतं, तो येईल. तिला वाटतच होतं. आईला वाटणारच.

एका श्रावणात पाऊस असा लागला की पायवाटच वाहून गेली. त्याच दिवसांत चांगुणा नावाच्या पोरीला कळा सुरू झाल्या. ठकूबाईने पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. तिने आपल्या परीने सगळं करून पाहिलं, पण मूल जागचं हलेना, आणि पोर पांढरी पडत चालली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तरच दोन जीव वाचणार होते, नाहीतर एकही नाही.

सरपंचाची नवीकोरी गाडी आधी निघाली, रस्ता बघायला. ती अर्ध्या वाटेवरून उलटी आली. ड्रायव्हर स्टेअरिंग सोडेना, त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो एवढंच म्हणाला, "फुडं भिंत हाय पांढरी. आन् भिंतीत लाल दिवा."

मग मामाने आपल्या पिकअपचं डावं दार काढलं आणि देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलं. हौद्यात गवत अंथरून चांगुणाला निजवलं, तिचं डोकं नवऱ्याच्या मांडीवर दिलं, वरून ताडपत्री घट्ट बांधली. आणि ठकूबाईकडे वळून म्हणाला, "आक्का, तू फुडं बस."

"मी न्हाई बसायची. तुला ठावं हाय इसाक, मी का बसत न्हाई."

"म्हनूनच तू. दुसऱ्या कुनाला त्या घाटाची येवढी भीती न्हाई. भ्यालेलं मानूस नीट बगतं."

काम सांगितलं ते असं. रस्त्याच्या दरीकडच्या बाजूला चुना फासलेले दगड होते. ठकूबाईने उघड्या दारात बसायचं, खाली वाकायचं आणि त्या दगडांवर नजर ठेवायची. दगड दिसतोय तोवर 'हाय' म्हणत राहायचं. 'हाय' थांबलं की गाडी थांबेल. "फुडं काय बी दिसू दे, कुनी बी हाक मारू दे, मान वर करायची न्हाई," मामा म्हणाला. "माज्याकडं बी बगायचं न्हाई. शपथ घे माजी." तिने घेतली.

दुपारची वेळ होती, पण दिवस कुठे दिसत होता! धुक्यात शिरल्याबरोबर ठकूबाईला आपलेच पाय दिसेनासे झाले. तिचं काळीज असं उडत होतं की इंजिनापेक्षा तेच मोठ्याने वाजतंय असं तिला वाटलं. चुन्याचा एक दगड पिवळ्या उजेडात वर यायचा, सरकायचा, बुडायचा. मग दुसरा.

"हाय," ती म्हणायची. "हाय. हाय."

मागून चांगुणाचं कण्हणं येत होतं. मग वळण जवळ आलं आणि ते कण्हणं थांबलं. पाऊस थांबला. दातखीळ बसावी तसा सगळा घाट गप्प झाला. आणि त्या गप्पपणात, पुढून, रबरी भोंगा वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब.

रंगू घरी परतताना असाच वाजवायचा. चुलीवर चहा ठेव, असा त्याचा अर्थ असायचा.

ठकूबाईने मान वर केली. वर टेकवलेल्या काचेखालून तिला तो दिसला. लाल दिवा, हातभर पुढे. त्याच्या उजेडात एक पाठ होती, डावा खांदा जरा उतरलेला. तो खांदा तिने त्याच्या लहानपणी तेल लावून चोळला होता. तिच्या तोंडून 'हाय' आलं नाही.

गाडीला गचका बसला. इंजिन बंद पडलं. पुढचं डावं चाक अर्धं अधांतरी होतं आणि खाली कितीतरी वेळ दगड गडगडत जात होते.

मामाने हँडब्रेक ओढला, उतरला, मागच्या चाकापुढे दगड सारला. तिला एक शब्द टाकून बोलला नाही. फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने तिची मान हळूच खाली वळवली.

"आक्का, रंगू माजा बी दोस्त हुता. पर मागं हौद्यात हायेत ती जिती हायेत." मग सीटखालून त्याने हँडल काढलं. "बंद पडलीय. हँडल मारून येतो. आन् त्याला बी जरा इचारून येतो, कुनाची वाट बगतोस म्हनून."

त्याची पावलं पुढे गेली. ठकूबाई एका दगडाकडे बघत बसली, त्याच एका दगडाकडे, भीतीने पापणीही न हलवता. काच फुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. इतकं काही नाही की तिला वाटलं, आता मागचीही गेली, पुढचाही गेला आणि धुक्यात मी एकटी उरले.

तेवढ्यात गाडीच्या नाकात हँडल शिरलं. एक फेरा, दुसरा फेरा. इंजिन खोकलं, जागं झालं. शेजारची सीट दबली आणि तिच्या अंगावर थंड वाऱ्याची एक झुळूक आली. गिअर पडला. गाडी हळूच मागे सरली, चाक रस्त्यावर आलं.

"इसाक?" ती म्हणाली. उत्तर नाही.

"इसाक, त्यो रंगूच हुता का रं?" उत्तर नाही. गाडीही हलेना. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती खाली बघून म्हणाली, "हाय."

गाडी चालू लागली.

पुढचा घाट कसा गेला ते ठकूबाईला आयुष्यभर नीट सांगता आलं नाही. एवढंच सांगायची, की शेवटच्या उतारावर तिच्या अगदी कानाशी कुणी म्हणालं, "आये, वर बग की गं. येकदाच." आवाज लेकाचा होता. श्वास गार होता, मातीच्या वासाचा. तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून त्या पांढऱ्या दगडांवर पडत होतं. वर बघितलं असतं तर लेक दिसला असता. आणि त्याच वेळी मागून, ताडपत्रीखालून, चांगुणा बारीकसं कण्हली.

"हाय," ठकूबाई म्हणाली. "हाय. हाय. हाय."

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. माणसं धावली, चांगुणाला आत नेलं. तरी ठकूबाई खालीच बघत बसलेली. दवाखान्यातल्या एकाने तिला हलवलं आणि विचारलं, "आजी, ड्रायव्हर कुठाय?"

तेव्हा कुठे तिने मान वर केली. शेजारची सीट रिकामी होती, आणि पार ओली.

लोकांनी गाडी तपासली. हँडल नाकात तसंच होतं, त्याच्या टोकाला लाल काचेची कपची रुतलेली. धुकं उठल्यावर माणसं वळणावर गेली, तर चुन्याच्या दगडापाशी मामाच्या वहाणा होत्या, दर्ग्याबाहेर काढून ठेवाव्यात तशा, एकीला एक लावून. दरीत दोर टाकले, शोध घेतला. काही मिळालं नाही. चांगुणा वाचली आणि मुलगी झाली, सारजा. ठकूबाईने तिला न्हाऊ घातलं, मोठं होताना पाहिलं. संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी जाणं मात्र तिने सोडलं. त्या दिवसापासून वळणावर लाल दिवा कुणाला दिसलेला नाही. कधीतरी मागे दोन गोल पिवळे दिवे लागतात, वळण सरेपर्यंत सोबत येतात आणि विझतात. आरशात ते दिसले की आजही भलेभले आरसा फिरवून ठेवतात. सोबत असली म्हणून काय झालं, ती कुणाची आहे हे ठाऊक असतंच ना.

मामाची गाडी सारजाने सांभाळली. ती आता स्वतःच म्हातारी झालीय आणि श्रावणात तिच्या अंगणात त्या मधल्या पिढीच्या पिकअप जमतात. सांगलीच्या, बेळगावच्या, पार नागपूरकडच्या. भंगारातून उचलून आणलेल्या, पोटच्या पोरासारख्या रंगवलेल्या. या हौशी लोकांना कुणी विचारतं, की बाबांनो, या पत्र्यात एवढं आहे तरी काय? नव्या गाडीत गादी मऊ, काच आपोआप खाली, गाणी लागतात. ते म्हणतात, असतील. पण तुमच्या गाडीचं दार हाताने काढून दाखवा. शेजारी बसलेल्या माणसाच्या शब्दावर ती चालवून दाखवा. तुमच्या गाडीला ड्रायव्हर लागतो. हिला माणूस पुरतो.

मग दिव्यांना हळद लागते. डावी दारं निघतात आणि देवळाच्या भिंतीला ओळीने टेकतात. ज्याला घाटाची सगळ्यात जास्त भीती, त्याला डाव्या बाजूला बसवतात आणि गाड्या पहिल्या गिअरमध्ये रडत धुक्यात शिरतात, मागचे लाल दिवे फडक्याने बांधून. कुणी कुणाच्या मागे जायचं नाही, ज्याने त्याने आपले दगड बघायचे. सगळा घाट 'हाय, हाय' म्हणत उतरतो.

हाकेच्या वळणावर सगळी इंजिनं बंद होतात. धुकं दारातून आत येतं, शेजारच्या सीटकडे बघायचं धाडस होत नाही. मग डावीकडे बसलेला माणूस मान खाली घालूनच विचारतो, "मामा, हाय का?"

उत्तर आल्याशिवाय कुणी गाडी सुरू करत नाही. आणि आजवर तिथे कुणाची गाडी अडून राहिलेली नाही.