कडू घास आधी कुणी घ्यायचा?

सोनगिरीच्या खजिन्यात खडखडाट झाला. पुरात तलावाचा बांध वाहून गेला होता, तो पुन्हा बांधण्यात पैका गेला, आणि आता वर्षाचा खर्च मोठा न् जमा लहान अशी गत झाली. राजा वीरधवल जेवायला ताटावर बसला होता आणि त्याच्या दोन अंगांना उभी राहून दोन मोठी माणसं भांडत होती.

दिवाण त्र्यंबकराव म्हणाले, "महाराज, कर वाढवा. चूल कुणाच्या घरी नाही? चुलीमागे चूलपट्टी बसवा, खजिना आपोआप भरेल."

खजिनदार विसाजीपंत म्हणाले, "रयतेला पिळू नका महाराज, खर्च कापा. लांब कशाला, आपला मुदपाकखानाच बघा. निम्मी माणसं बसून खातात. आता ही राही. हिचं काम काय, तर महाराजांच्या आधी घास खायचा. सोनगिरीत महाराजांना विष घालणारा जन्मला तरी आहे का? द्या हिला घरी पाठवून."

राही तिथंच पाटाशेजारी बसली होती. राजासमोरच्या प्रत्येक वाटीतला घास आधी तिनं चाखायचा, मग उदबत्ती लावायची. उदबत्ती जळून जाईतो राही धडधाकट दिसली तरच राजानं ताटाला हात लावायचा, असा त्या वाड्याचा रिवाज. आज घास चाखून झाले होते, उदबत्ती लागली होती, पण राहीचे कान त्या भांडणाकडं लागले होते. घरात म्हातारी सासू, दोन लेकरं, कमावती ती एकटी. कर वाढला तर घरातली चूल अडचणीत, खर्च कापला तर वाड्यातली. दोघं भांडत होते एकमेकांशी, मार मात्र तिलाच बसत होता.

राजा म्हणाला, "मला करही हवा आणि काटकसरही हवी. पण गरिबाच्या ताटातला एक घाससुद्धा कमी होता कामा नये. ही उदबत्ती विझायच्या आत तोड सांगा. नाही सांगितलीत तर चूलपट्टीही बसेल आणि मुदपाकखान्यातली निम्मी माणसंही जातील."

राजा एकदा बोलला की बोलला. त्याला वळवणं त्याच्या आईलाही कधी जमलं नव्हतं. दिवाणांनी खजिनदारांकडं बघितलं, खजिनदारांनी छताकडं. उदबत्तीची राख टपकन खाली पडली.

"महाराज, एक विचारू?" राही म्हणाली.

"तू घास खा," दिवाण म्हणाले. "तोंड चालवायला तेवढं पुरे."

"घासाचंच विचारतेय, दिवाणसाहेब. महाराजांच्या पोटात साधं वरण जायचं तर आधी मी चाखते. मग एवढा कडू काढा रयतेच्या पोटात कुणी न चाखता कसा ओतायचा? तुम्ही कर शिजवलात, पहिला घास तुम्ही घ्या. खजिनदारसाहेबांनी काटकसर रांधली, ती त्यांनी चाखावी. उदबत्ती लागलेली आहेच."

राजाच्या मिशीखाली काहीतरी हललं. "बोला त्र्यंबकराव, तुमच्या घरी चुली किती?"

"एकच की, महाराज. साधं घर आमचं."

विसाजीपंतांना राहवेना. "एक? अहो, नातवाच्या बारशाला मी जेवून आलोय. सुनांचं एकमेकींशी पटत नाही म्हणून प्रत्येकीची चूल निराळी. शिवाय परसात नुसत्या जिलब्यांची एक."

"आणि तुमचं काय हो?" दिवाण उसळले. "पान खायला बसलात की एक माणूस डबा धरतो, एक चुना लावतो, एक पिकदाणी घेऊन उभा. सगळे सरकारी पगारावर. परवा तुम्ही जांभई दिलीत, तर चुटक्या वाजवायलासुद्धा माणूस धावला!"

मग काय विचारता! एकानं दुसऱ्याच्या मेहुण्याच्या चुली काढल्या, दुसऱ्यानं पहिल्याच्या भाच्याचे हुजरे काढले. राजा बोटांवर हिशोब करत ऐकत होता.

"म्हणजे पहिली चूल माफ," तो म्हणाला, "दुसरीपासून पट्टी. आणि त्या चुटकीवाल्यांचं काय करायचं? तीही गरिबाचीच पोरं."

राही म्हणाली, "त्यांचा पगार राहू द्या, महाराज. बांधाच्या राखणीला आपण शेजारच्या राज्यातून शिपाई भाड्यानं आणलेत. त्यांना परत धाडा, यांना बांधावर पाठवा. जांभई आली तर साहेबांनी चुटकी स्वतः वाजवावी."

राजानं पुन्हा बोटं मोजली. "अजून थोडं कमी पडतंय."

दोन्ही मोठी माणसं चपापली. आता कुणाचं पितळ उघडं पडतंय? राहीनं ताटाकडं बघितलं.

"अभय असेल तर सांगते. मी रोज वीस वाट्या चाखते. महाराज जेवतात चार. बाकीच्या सोळांची चव अख्ख्या सोनगिरीत मला एकटीला माहीत. उरलेलं सगळं गोठ्यात जातं. आता आपल्या गाई केशरी भाताशिवाय कडब्याला तोंड लावत नाहीत."

राजानं बोटानं एकेक वाटी मोजली. मग डोळे बारीक करून म्हणाला, "माझी अट विसरलीस. गरिबाच्या ताटातला घास कमी व्हायला नको होता. सोळा वाट्या गेल्या तर तुझेच सोळा घास गेले की."

"ते घास माझ्या ताटातले कुठं होते, महाराज? तुमच्या ताटातले. मी तर नुसतं विष शोधत होते."

राजा इतका हसला, इतका हसला, की त्याला ठसका लागला. दिवाणही हसले, जरा उशिरा. विसाजीपंतांना हसता हसता जांभई आली आणि सवयीनं त्यांनी मागं वळून बघितलं.

राजानं मनगटातलं सोन्याचं कडं काढून राहीच्या हातावर ठेवलं. "तुझी जागा कायम. मुदपाकखान्यातलं एकही माणूस जाणार नाही. आणि यापुढं दरबारात जो कुणी सल्ला देईल, त्यानं तो आधी स्वतः चाखायचा. शेजारी उदबत्ती घेऊन ही बसेल."

त्या दिवसापासून सोनगिरीचा दरबार जेवणवेळेच्या कितीतरी आधीच उठू लागला.